ऑनलाइन खड्यांचे दागिने घेण्याआधी : आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

मोबाइलवरून मागवलेली अंगठी, नथ किंवा पुडीतला सुटा खडा घेऊन हल्ली बरेच जण पेढीवर येतात. खडा पुढ्यात ठेवतात आणि विचारतात, "खरा आहे ना हो?" उत्तर द्यायला आम्हाला फारसा वेळ लागत नाही. पण तोवर माल परत करायची मुदत उलटलेली असते किंवा खडा सोन्यात बसवून झालेला असतो. मग खोटा निघाला तरी हळहळण्यापलीकडे काही उरत नाही. ती वेळ तुमच्यावर येऊ नये म्हणून हे पत्रक.

आमचा आग्रह एवढाच आहे, की फोटोवरून खड्याची खात्री होत नाही, म्हणून जो खडा सुटा हातात घेऊन तपासता येईल आणि पटला नाही तर परत करता येईल, तोच ऑनलाइन घ्या. कोंदण नंतर.

जाहिरातीत काय लिहिलेले असते

फसवणूक दरवेळी खोटे बोलूनच होते असे नाही. पुष्कळदा खरे तेच लिहिलेले असते, पण घाईत वाचणाऱ्याच्या ते लक्षात येत नाही. "अमेरिकन डायमंड" म्हणजे क्युबिक झिर्कोनिया. तो कारखान्यात बनतो, हिऱ्याशी त्याचे काही नाते नाही. "जर्मन सिल्व्हर"मध्ये चांदी नसते, ते तांबे, निकेल आणि जस्त यांचे मिश्रण आहे. "हायड्रो क्वार्ट्झ" ही सहसा रंगीत काच असते. "रूबी कलर", "एमराल्ड स्टाइल", "सिम्युलेटेड" असे काही दिसले, की खडा माणिक किंवा पाचू नाही हे विक्रेत्यानेच सांगून ठेवले आहे असे समजा.

"सिंथेटिक", "क्रिएटेड" किंवा "लॅब ग्रोन" यांचा अर्थ मात्र वेगळा. असा खडा काच नसतो, घटकांनी तो अस्सल माणिक किंवा हिराच असतो, फक्त खाणीत न सापडता कारखान्यात वाढवलेला असतो. हे तंत्र काही कालपरवाचे नाही. ऑग्युस्त व्हर्नॉय या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने ज्योतीत माणिक तयार करण्याची आपली रीत 1902 मध्ये जाहीर केली, त्यामुळे आजी-पणजीच्या दागिन्यांतही कारखान्यातले माणिक निघते. असा खडा घेण्यात गैर काही नाही. गैर आहे ते त्याचे नैसर्गिक खड्याच्या भावाने पैसे घेणे.

आणि रंगावर जाऊ नका. ब्रिटिश राजमुकुटात पुढच्या बाजूला असलेला प्रसिद्ध "ब्लॅक प्रिन्सचा माणिक" हा मुळात माणिक नाहीच, तो स्पिनेल नावाचा वेगळाच लाल खडा आहे. कित्येक शतके तो माणिक म्हणून मिरवला.

माणिक, पाचू, पुष्कराज

सर्वाधिक तक्रारी माणकाच्या असतात, म्हणून त्याबद्दल थोडे सविस्तर. साधारण 2004 पासून बाजारात शिसेयुक्त काच भरलेले माणिक मोठ्या प्रमाणात आले. तडे गेलेला हलका माल घ्यायचा, त्याच्या भेगांत वितळलेली काच भरायची, की तोच खडा लालबुंद आणि स्वच्छ दिसू लागतो. विक्रेता "नॅचरल रूबी" म्हणतो आणि एका अर्थी ते खोटेही नसते, कारण त्यात थोडेफार माणिक असतेच. पण ही काच आम्लाला टिकत नाही. स्वयंपाकघरात लिंबू पिळताना बोटात ती अंगठी असेल, तरी रस लागून काच झिजते आणि खड्यावर पांढुरक्या रेषा उमटतात. अंगठी मोठी-लहान करताना कारागिराच्या ज्योतीची धग लागली तर खडा कायमचा बिघडतो. दहापट भिंगाखाली असा खडा हलवून पाहिला, तर भेगांमध्ये निळसर चमक लपकून जाते आणि अडकलेले हवेचे बुडबुडे दिसतात. एकदा पाहिलेत तर पुन्हा सांगावे लागणार नाही. पेढीवर मागाल तेव्हा दाखवू.

पाचूत बहुधा तेल असतेच, त्याने बिचकू नका. पाचूला निसर्गतःच बारीक भेगा असतात आणि त्या झाकायला रंगहीन तेल मुरवण्याची रीत जुनी आहे, व्यापारात ती मान्यही आहे. पाहायचे ते दोन गोष्टींसाठी : तेल किती आहे आणि त्याला रंग दिला आहे का. प्रयोगशाळेच्या अहवालात तेलाचे प्रमाण मायनर, मॉडरेट, सिग्निफिकंट अशा शब्दांत दिलेले असते आणि भाव त्यावर ठरतो. हिरवे तेल मुरवलेला फिकट पाचू फोटोत झकास दिसतो. पुढे तेल सुकले की भेगा उघड्या पडतात आणि रंगही उतरतो. पाचूची अंगठी गरम पाण्यात किंवा अल्ट्रासॉनिक यंत्रात कधीही धुऊ नका, मग ती कोणाकडूनही घेतलेली असो.

पुष्कराज म्हणून सुनेला हा स्वस्त पिवळा खडा (सिट्रीन) विकण्याचा प्रकार सर्रास चालतो. पाच कॅरेटचा, निर्मळ, "सिलोनी, अनहीटेड" (रंग खुलवायला न तापवलेला) पुष्कराज हजार-बाराशे रुपयांत घरपोच येत नाही. त्या भावात चांगला सुनेला येतो, आणि तो सुनेला म्हणून घेतला तर सुंदरच आहे.

हा फरक तुम्हाला घरीही तपासता येईल, फक्त खडा सुटा हवा. 0.01 ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा डिजिटल काटा घ्या. आधी खड्याचे कोरडे वजन करा. मग काट्यावर पाण्याची वाटी ठेवून आकडा शून्य करा. खडा बारीक दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडेल असा सोडा, पण तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका, आणि बुडबुडे चिकटले असतील तर झटका. आता काटा जो आकडा दाखवील, त्याने कोरड्या वजनाला भागा. खडा 1.00 ग्रॅमचा म्हणजे पाच कॅरेटचा असेल, तर पुष्कराजाला हा आकडा 0.25 च्या आसपास येतो, म्हणजे भागाकार 4. सुनेल्याला 0.38 येतो, भागाकार साधारण 2.65. माणिक आणि नीलम पुष्कराजाच्याच कुळातले, त्यांचाही भागाकार 4 च येतो. पाचूचा 2.7 च्या जवळपास. अगदी छोट्या खड्याला ही पद्धत नको, काट्याच्या किंचित चुकीने उत्तर बदलते. आणि कारखान्यातले माणिक किंवा काच भरलेला खडा यात धरला जाईलच असे नाही. सुनेला आणि साधी काच मात्र सापडते.

दुधात टाकलेल्या माणकाने दूध गुलाबी दिसते, पाण्यातल्या पाचूतून हिरवी किरणे निघतात, खरा खडा पापणीला थंड लागतो, अशा परीक्षा घरोघरी सांगितल्या जातात. लाल काचेनेही दूध गुलाबीच दिसते. यांवर पैसे लावू नका.

हिऱ्याचा व्हिडिओ आणि नथीतले मोती

विक्रेता पेनासारखे यंत्र खड्याला टेकवतो, दिवे लागतात, "पीप" असा आवाज येतो आणि हिरा खरा ठरतो, असे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. ते यंत्र उष्णता किती वेगाने वाहते एवढेच मोजते. कारखान्यात बनणाऱ्या मोइसनाइटलाही ते साधे यंत्र तसेच वाजते. लॅब ग्रोन हिऱ्याला वाजणारच, कारण तो हिराच आहे. लॅब ग्रोन आणि खाणीतला यांतला भेद या यंत्राला कळत नाही, आम्हालाही नुसत्या डोळ्यांनी कळत नाही. तो प्रयोगशाळेतच ठरतो. वजनानेही गफलत होते. 6.5 मिलिमीटरचा गोल हिरा साधारण एक कॅरेट भरतो, तेवढ्याच आकाराचा अमेरिकन डायमंड पावणेदोन कॅरेटच्या जवळ जातो. त्यामुळे नुसते कॅरेट वाचू नका, मिलिमीटर विचारा.

लग्नसराईत नथ, तन्मणी, चिंचपेटी ऑनलाइन घेतली जाते. तिथे "ओरिजिनल मोती" म्हणजे बहुधा काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या मण्यावर चढवलेला मुलामा असतो. दोन मोती एकमेकांवर हलकेच घासा. अस्सल असो वा कल्चर्ड (शिंपल्यात मुद्दाम वाढवलेला), मोती किंचित खरखरीत लागतो, मुलाम्याचा मणी गुळगुळीत सरकतो. भोकाच्या कडेला भिंग लावून पाहा, मुलामा तिथे पापुद्र्यासारखा सुटलेला असतो. कल्चर्ड मोती उत्तम असतात आणि परवडतातही. "बसरा मोती" हे नाव मात्र फार जपून वाचा. पर्शियाच्या आखातातले ते नैसर्गिक मोती आज अत्यंत दुर्मीळ आहेत, दीड-दोन हजारांच्या नथीत ते बसवलेले नसतात.

भाव कुठे फुगतो

खडा खरा असूनही पैसे जास्त जातात, ते वजनात. पत्रिका पाहून कोणी "सव्वापाच रत्ती" सांगतात. कोणता खडा घालायचा हा तुमचा आणि तुमच्या ज्योतिषांचा विषय, त्यात आम्ही बोलणार नाही. पण रत्ती दोन आहेत. खड्यांच्या बाजारातली रत्ती साधारण 182 मिलिग्रॅमची, आणि सोन्याच्या तोळ्यातली सुमारे 121.5 मिलिग्रॅमची. पहिलीने सव्वापाच रत्ती म्हणजे 4.78 कॅरेट, दुसरीने 3.19 कॅरेट. भाव एका रत्तीने सांगायचा आणि वजन दुसरीने द्यायचे, इथे दीड कॅरेटचा फरक पडतो. कॅरेट ठरलेले आहे, 200 मिलिग्रॅम. म्हणून भावही कॅरेटवर विचारा आणि वजनही कॅरेटमध्ये लिहून घ्या.

सोन्याच्या अंगठीत दुसरी मेख असते. अंगठी एकूण 6.200 ग्रॅम आणि त्यात पाच कॅरेटचा खडा, तर सोने 5.200 ग्रॅमच आहे. बिल एकूण वजनावर सोन्याच्या भावाने लावले, तर एक ग्रॅम सोन्याचे पैसे तुम्ही खड्यासाठी दिलेत, वर खड्याची किंमत वेगळी. बिलावर निव्वळ सोन्याचे वजन, शुद्धता, खड्याचे वजन व किंमत आणि घडणावळ हे सगळे सुटे लिहिलेले हवे. पुढे हाच दागिना मोडीत देताना सराफ खड्याचे वजन वजा करतो, हेही ध्यानात ठेवा.

हॉलमार्क सोन्याचा असतो, खड्याचा नाही. 1 एप्रिल 2023 पासून हॉलमार्कच्या सोन्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी हा ओळख क्रमांक सक्तीचा आहे, तो बीआयएस केअर अ‍ॅपवर तपासता येतो. त्यातून सोन्याची शुद्धता कळते. खडा काचेचा असला तरी तो क्रमांक बरोबरच येईल.

"24,999 वर काट, आता फक्त 1,499, आज रात्री 12 पर्यंत" हे वाचून घाई करू नका. छापील किंमत विक्रेत्याने स्वतःच लिहिलेली असते.

प्रमाणपत्र

दागिन्याबरोबर येणारे चकचकीत कार्ड विक्रेत्याच्याच घरचे असेल, तर ते जाहिरातीचाच भाग आहे. स्वतंत्र प्रयोगशाळेचा अहवाल मागा. जीआयए, आयजीआय, मुंबईची जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया, जयपूरची जेम टेस्टिंग लॅबोरेटरी (आता आयआयजीजे-आरएलसी) ही माहितीतली नावे. अहवालाचा क्रमांक त्या प्रयोगशाळेच्या संकेतस्थळावर तपासता येत असेल, तर पत्ता स्वतः टाइप करून तपासा. कार्डावरचा क्यूआर कोड हुबेहूब दिसणाऱ्या खोट्या पानावरही नेऊ शकतो.

अहवाल खरा निघाला तरी तो याच खड्याचा आहे का हे पाहायचे राहते. एका खऱ्या अहवालाच्या प्रती काढून त्याच मापाच्या दुसऱ्या खड्यांबरोबर पाठवता येतात. वजन आणि मिलिमीटरमधली मापे दशांशापर्यंत जुळवा. सगळ्यात शेवटी "कॉमेंट्स" किंवा "ट्रीटमेंट" ही ओळ वाचा. वर ठळक "नॅचरल कॉरंडम" (माणिक-नीलमाचे खनिज) आणि खाली बारीक अक्षरांत काच भरल्याची नोंद, असे अहवाल येतात.

पैसे देताना आणि पार्सल उघडताना

मागवण्याआधी विक्रेत्याकडून खिडकीजवळच्या उजेडातला व्हिडिओ मागा, खड्याशेजारी तुमचे नाव लिहिलेली चिठ्ठी ठेवून. ज्याच्याकडे माल खरोखर आहे त्याला हे दोन मिनिटांचे काम. जाहिरातीतला फोटो गूगल लेन्सवर टाकून पाहा, तोच फोटो दहा दुकानांत निघाला तर पुढे जाऊ नका. कॅश ऑन डिलिव्हरी सुरक्षित वाटते, पण पैसे सहसा पार्सल उघडण्याआधीच द्यावे लागतात. कोणाच्या खासगी यूपीआय क्रमांकावर पैसे पाठवू नका. आणि परतावा मिळवण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही. पिन मागितला तर तो चोर आहे.

पार्सल उघडताना पत्त्याच्या चिठ्ठीपासून खडा काट्यावर ठेवेपर्यंत सलग व्हिडिओ काढा. टॅग किंवा सील तोडू नका.

तक्रार करायची झाली तर 2020 च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे संकेतस्थळाने तक्रार अधिकाऱ्याचे नाव व संपर्क द्यायलाच हवा. त्याने तक्रारीची पोच 48 तासांत द्यायची आणि महिन्याभरात निवारण करायचे. ते झाले नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915. पैसेच लुबाडले गेले असतील तर ताबडतोब सायबर फसवणुकीची हेल्पलाइन 1930, तिथे एकेक तास मोलाचा असतो. जिल्हा ग्राहक आयोगात तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच दावा दाखल करता येतो, आणि रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही.

खडा कुठूनही घेतलेला असो, आमच्याकडे दाखवायला आणा. वजन, भिंग आणि रिफ्रॅक्टोमीटर (खड्यात प्रकाश किती वळतो हे मोजणारे यंत्र) यांवरची प्राथमिक तपासणी आम्ही विनामूल्य करतो. शंका उरली तर प्रयोगशाळेत पाठवतो, तिथले शुल्क आधी सांगतो. येताना बिल, अहवाल, ऑर्डरचा स्क्रीनशॉट आणि मूळ डबी बरोबर ठेवा. परत करायची मुदत दोन दिवसांवर आली असेल तर दारातच तसे सांगा, तुमचा खडा आधी हातात घेऊ.