छिद्रातून धरलेला नेम

चाळिशी लागली की पेपर हातभर लांब धरावा लागतो. कोकणात ज्यांच्याकडे शेतसंरक्षणाच्या परवान्याची बंदूक आहे, त्या बागायतदारांना त्याच सुमारास आणखी एक गोष्ट जाणवते. हात पूर्वीइतकाच स्थिर असतो, पण माशी (नळीच्या टोकावरचा नेमाचा खुंट) आणि लक्ष्य एकाच वेळी नीट दिसत नाही. यावर उपाय म्हणजे छिद्रातून नेम धरायची पीप साइट.

साध्या नेमात डोळ्याला तीन ठिकाणी बघावं लागतं. बंदुकीवरची मागची, नेम धरायची खाच हातभर अंतरावर, नळीच्या टोकाची माशी तिच्या दुप्पट लांब आणि लक्ष्य त्याहून कितीतरी पुढे. डोळ्याचं भिंग एका वेळी एकाच अंतरावर जुळतं. तरुणपणी ते इतक्या झटपट जुळवून घेतं की तिन्ही गोष्टी स्पष्ट असल्याचा भास होतो. वयाबरोबर भिंग ताठर होतं आणि तो भास संपतो. डोळ्याची बाहुली ४ मिमी रुंद असेल आणि नजर ८० सेंमीवरच्या माशीवर जुळवली, तर १०० मीटरवरचा प्रत्येक बिंदू जवळजवळ अर्धा मीटर रुंद पसरतो!

हे पसरणं प्रकाश किती रुंद वाटेने डोळ्यात शिरतो यावर ठरतं. वाट १ मिमीची केली की अर्ध्या मीटरचे साडेबारा सेंमी होतात. पडताळून बघायचं तर पुठ्ठ्याला दाभणाने बारीक भोक पाडा, चष्मा काढा आणि भोक डोळ्याशी धरून भिंतीवरच्या कालनिर्णयातली बारीक अक्षरं वाचा. बहुतेकांना ती चक्क वाचता येतात. डोळ्यांचे डॉक्टर असंच भोक वापरून दोष चष्म्याने सुटणारा आहे का ते पाहतात.

पीप साइट म्हणजे खाचेच्या जागी बसवलेलं असं छिद्र. त्याचा दुसरा गुण मला जास्त मोलाचा वाटतो. छिद्र बाहुलीपेक्षा लहान असलं की डोळ्यात येणाऱ्या प्रत्येक किरणाला त्यातूनच यावं लागतं. मग डोळा किंचित डावी-उजवीकडे सरकला तरी नेमाची रेषा फारशी हलत नाही. छिद्र मध्यावर आणायची धडपड करायची नाही, फक्त माशी लक्ष्यावर ठेवायची.

मग छिद्र जितकं बारीक तितकं चांगलं? इथे प्रकाशाचा तरंगस्वभाव आडवा येतो. १ मिमी छिद्रातून जाताना प्रकाश कडेला वळून पसरतो आणि १०० मीटरवर सुमारे ७ सेंमीचा धूसरपणा येतो. त्याहून बारीक केलं तर फायदा कमी, तोटाच जास्त. उजेडही घटतो. संध्याकाळी बाहुली ६ मिमी झाली असेल, तर १ मिमी छिद्र तिच्या वाट्याच्या प्रकाशाचा छत्तिसावा भाग आत सोडतं. घाटापलीकडच्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स (गुडघ्यावर, पालथं पडून आणि उभं राहून नेमबाजी) प्रकारात कांस्यपदक मिळवलं. त्या रायफलीवर दुर्बीण चालत नाही, बारीक छिद्रच असतं. पण तिथे लक्ष्य उजेडात असतं आणि जागचं हलत नाही.

अमेरिकेत स्थायिक झालेला माझा चिपळूणचा आतेभाऊ तिकडच्या हरणाच्या मोसमासाठी लिव्हर-ॲक्शन (खालचा दांडा ओढून पुढचं काडतूस भरायची) रायफल वापरतो. (आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हौसेच्या शिकारीचा प्रश्नच नाही, आणि ते योग्यच आहे.) त्याची रायफल जुनी विंचेस्टर ९४. ती रिकामं काडतूस वरून बाहेर टाकते, त्यामुळे तिच्या डोक्यावर दुर्बीण बसवणं अवघड. छिद्र मात्र मागे, डोळ्याच्या बाजूला सरकवता येतं. समजा, खाच आणि माशी यांत ४० सेंमी होते, ते छिद्रामुळे ६० झाले. माशी जुळवताना झालेली अर्धा मिमीची तीच चूक १०० मीटरवर साडेबारा सेंमीऐवजी आठ-साडेआठ सेंमी भरते. फार मागे मात्र आणू नये, धक्क्याने भुवई फुटते.

त्याला मी ५ मिमीच्या आसपासचं, पातळ कडेचं छिद्र सुचवलं. भर दुपारी बाहुली त्याहून लहान असते, म्हणून ते चित्र फारसं धारदार करत नाही. पण कड धूसर होऊन जवळपास नाहीशी होते, माशी आपोआप मध्यावर येते आणि भोवतालही दिसत राहतो. हा भोवताल महत्त्वाचा. अंधारात डुक्कर समजून माणसावर गोळी सुटल्याच्या बातम्या कोकणात ऐकू येतात. अंधारात समोर कोण आहे, हे कुठलंही छिद्र सांगू शकत नाही.

हीच साइट गुहागर-मालवणच्या हवेत ठेवायची झाली तर गाठ खाऱ्या दमटपणाशी आहे. ॲल्युमिनियमची साइट रायफलीच्या पोलादी पाठीवर बसवली आणि मधे खारट ओल शिरली, की दोन धातूंचा विद्युतघटच (बॅटरीसारखा) तयार होतो आणि ॲल्युमिनियम झिजू लागतं. म्हणून पोलादीच घ्यावी, स्क्रूला तेल लावावं. पावसात १ मिमी छिद्रात पाणी पृष्ठताणाने पडद्यासारखं अडकून बसतं. मोठ्या छिद्रातून ते एका फुंकरीने निघतं. बऱ्याच साइटमध्ये बारीक भोकाची चकती आट्यांची असते. ती काढून टाकली की आतलं रुंद भोक मोकळं होतं, वेगळी साइट घ्यावी लागत नाही.