शरीररचनेची प्रदर्शने आणि ‘बेवारस’ हा शब्द

गर्भापासून म्हातारपणापर्यंतचे मानवी शरीर खऱ्या देहांतून उलगडणारी प्रदर्शने गेली तीसएक वर्षे जगभर फिरत आहेत. वाद बहुतेक वेळा ‘हे लहान मुलांना दाखवावे का’ यावरच अडतो. माझ्या मते त्याआधी विचारायला हवे ते वेगळेच: हे देह आले कुठून?

त्यामागचे तंत्र १९७७ साली जर्मनीत, हायडेलबर्गला जन्मले. फॉर्मॅलिनने टिकवलेला देह थंड अ‍ॅसिटोनच्या टाकीत ठेवतात, म्हणजे त्यातले पाणी निघून जाते. मग तो पातळ सिलिकॉनमध्ये बुडवून वरची हवा ओढून घेतात. दाब उतरला की देहातून अ‍ॅसिटोनचे बुडबुडे उठू लागतात आणि त्यांनी सोडलेल्या जागेत सिलिकॉन मुरत जाते. शेवटी ते वायूने घट्ट करतात. मग ना वास राहतो, ना ओल. १९९५ मध्ये टोकियोत असे देह पहिल्यांदा लोकांसमोर आले.

आयुष्याच्या टप्प्यांची कल्पना मात्र जुनी. सोळाव्या शतकातल्या युरोपीय चित्रांत आयुष्याचा जिनाच काढलेला दिसतो: दर दहा वर्षांना एक पायरी, पन्नाशी सगळ्यांत वर, मग उतार. आजच्या दालनांत त्या पायऱ्यांच्या जागी तरुण गुडघ्याशेजारी कूर्चा झिजलेला म्हातारा गुडघा असतो.

देह मिळवण्याची गोष्ट इतकी साधी नाही. इंग्लंडात फाशी गेलेल्या खुन्यांचेच देह कायद्याने विच्छेदनाला मिळत, ते पुरत नसत, म्हणून थडगी उकरली जात. १८२८ मध्ये एडिंबरात विच्छेदनासाठी देह विकायला १६ खून झाल्याचे उघड झाले. त्यावर १८३२ चा कायदा आला. मृतदेह ज्याच्या ताब्यात, त्याला तो विच्छेदनासाठी देण्याची मुभा मिळाली. मात्र मृताने किंवा नातलगांनी हरकत घेतलेली नसावी. ताबा बहुतेकदा गरिबांच्या आश्रयगृहांचा असे. तिथे मेलेल्याला न्यायला कुणी आले नाही की तो ‘बेवारस’. बायको-मुले असूनही पुरायला पैसे नाहीत म्हणून ती आली नाहीत, तरी देह बेवारसच ठरे. हरकत न घेणे म्हणजे होकार, हे तेव्हापासून कागदावर रुजले. मला हा अन्याय वाटतो, आणि तो संपलेला नाही.

कारण २००५ मध्ये अमेरिकेत टँपाला एक प्रदर्शन उघडले, तेव्हा चीनमधून आणलेल्या देहांबद्दल ‘बेवारस’ हाच शब्द पुढे केला गेला. देहांचे वाटप पाहणाऱ्या राज्य मंडळाने विरोध केला, तरी दारे उघडलीच. २००८ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सरकारी चौकशीनंतर तडजोड झाली. हे देह मृत्युदंड झालेल्या कैद्यांचे नाहीत याची आम्ही स्वतः खात्री देऊ शकत नाही, अशी सूचना आयोजकांना लावावी लागली. ती वाचून मगच आत जायचे!

पॅरिसचा निकाल जास्त गुंतागुंतीचा. २००९ मध्ये तिथले प्रदर्शन बंद करताना अपील न्यायालयाने बोट ठेवले ते संमतीचा पुरावा नसण्यावर. २०१० मध्ये वरच्या न्यायालयाने बंदी कायम ठेवली, पण कारण बदलले: पैशासाठी देह मांडणे हाच मृताचा अवमान. निकाल तोच राहिला, तरी कळीचा मुद्दा तिकिटाकडे वळला. मला पहिले कारण अधिक मोलाचे वाटते. तिकीट नसलेल्या प्रदर्शनातही संमतीशिवायचा देह तितकाच परका.

ब्रिटनने २००४ च्या कायद्यात सार्वजनिक मांडणीसाठी मृताची स्वतःची लेखी संमती आवश्यक केली, नातलगांची चालत नाही. पण परदेशातून आणलेले देह त्या अटीतून वगळले.

मोठ्यांच्या बाबतीत आता देहदानाचे अर्ज भरून घेतले जातात. आयुष्याच्या टप्प्यांचे दालन मात्र गर्भांपासून सुरू होते, आणि गर्भाला सही करता येत नाही. त्यातले पुष्कळसे जुन्या वैद्यकीय संग्रहांतून आलेले, संमती विचारण्याची रीत नव्हती त्या काळचे. पाटीवर गर्भ किती आठवड्यांचा ते असते. आईला कुणी विचारले होते का, हे तिथे लिहिलेले मी तरी कधी वाचलेले नाही.