टी-१ आणि टी-२: मुंबई विमानतळावर ‘डोमेस्टिक’ म्हणजे नक्की कुठे?

मुंबईत बॅगा घेऊन टॅक्सीत बसलेल्या माणसाला चालक हमखास विचारतो, ‘डोमेस्टिक की इंटरनॅशनल?’ नागपूरला निघालेला प्रवासी साहजिकच ‘डोमेस्टिक’ असे सांगतो, टॅक्सी त्याला विलेपार्ल्याच्या बाजूला टी-१ म्हणजे टर्मिनल १ च्या दारात सोडून निघून जाते आणि दारावरचा केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचा जवान मोबाइलमधले तिकीट पाहून सांगतो की हे विमान टी-२ वरून सुटणार आहे. प्रवाशाने उत्तर खरेच दिलेले असते. प्रश्नच जुना झालेला असतो.

तो जुना का झाला हे समजण्यासाठी नावांचा थोडा इतिहास पाहावा लागतो. पूर्वी देशातली आणि परदेशातली सगळी विमाने सांताक्रूझ विमानतळावरूनच ये-जा करत असत. ऐंशीच्या सुमारास अंधेरी पूर्वेला सहार येथे परदेशी उड्डाणांसाठी वेगळी इमारत उभी राहिली आणि मुंबईकरांच्या बोलण्यात ‘सांताक्रूझ’ म्हणजे डोमेस्टिक व ‘सहार’ म्हणजे इंटरनॅशनल अशी जोडी पक्की बसली. पुढची तीसएक वर्षे ही वाटणी खरीही होती. सहारच्या जागेवर बांधलेले नवे टी-२ फेब्रुवारी २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी खुले झाले, आणि तिथून वाटणी बिघडली. २०१५ मध्ये एअर इंडियाने आणि २०१६ मध्ये तेव्हाच्या जेट एअरवेजने आपली देशांतर्गत उड्डाणेही तिकडे हलवली. म्हणजे सहारला डोमेस्टिक सुरू होऊन आता दहा वर्षे उलटून गेली, पण टॅक्सीतला प्रश्न मात्र अजून बदललेला नाही.

आजची स्थिती अशी आहे की टी-१ वरून फक्त देशांतर्गत विमाने सुटतात, तर टी-२ वरून परदेशी आणि देशांतर्गत अशी दोन्ही सुटतात. परदेशी जाणाऱ्याचा त्यामुळे सहसा गोंधळ होत नाही. त्याने टी-२ म्हणावे आणि निश्चिंत राहावे. गोंधळ होतो तो देशातल्या देशात जाणाऱ्याचा. एअर इंडियाचे तिकीट असेल तर टी-२ एवढे लक्षात ठेवून भागते. इंडिगोची देशांतर्गत विमाने मात्र दोन्ही ठिकाणांहून सुटतात, त्यामुळे गेल्या महिन्यात आपण इंडिगोने टी-१ वरून गेलो होतो हा अनुभव या महिन्याच्या तिकिटाला लागू पडेलच असे नाही. टी-१ पाडून नव्याने बांधण्याची योजना २०२४ मध्ये जाहीर झालेली असल्याने तर जुन्या आठवणीवर विसंबणे आणखीच धोक्याचे आहे. तिकिटावर ‘मुंबई’च्या शेजारी बारीक अक्षरांत टर्मिनलचा क्रमांक छापलेला असतो. तो तिकीट काढताना एकदा वाचावा, आणि मधल्या काळात बदल झाला असेल म्हणून निघण्याच्या दिवशी पुन्हा एकदा वाचावा.

नावाने या घोळात आणखी भर घातली आहे. विमानतळाचे पूर्ण नाव छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळ असे आहे आणि ते दोन्ही टर्मिनल्सना लागू आहे. त्यामुळे ज्या टी-१ वरून एकही नियमित परदेशी विमान सुटत नाही, त्याच्याही पाटीवर ‘आंतरराष्ट्रीय’ हा शब्द झळकतो. बीओएम हा तीन अक्षरी संकेतही दोघांचा एकच, आणि धावपट्ट्याही त्याच. एकमेकींना छेदणाऱ्या या दोन धावपट्ट्यांपैकी १४/३२ या क्रमांकाची धावपट्टी दोन टर्मिनल्सच्या मधून जाते. विमानाच्या खिडकीतून समोर दिसणाऱ्या दुसऱ्या इमारतीकडे पायी जाता येत नाही याचे कारण ही धावपट्टीच आहे. नकाशावर हाकेच्या अंतरावर वाटणाऱ्या त्या इमारतीला गाडीने चार-पाच किलोमीटरचा वळसा पडतो, आणि संध्याकाळच्या वेळी पश्चिम द्रुतगती महामार्गावर हे अंतर किती मिनिटांचे होईल हे मुंबईकराला वेगळे सांगायला नको.

लोकल गाडीने येणाऱ्याला नावाचा आणखी एक चकवा आहे. ‘सांताक्रूझ विमानतळ’ ऐकून बाहेरगावचा माणूस सांताक्रूझ स्थानकावर उतरतो. प्रत्यक्षात टी-१ विलेपार्ले पूर्वेत आहे आणि त्याला जवळचे स्थानक विलेपार्ले हेच आहे. टी-२ साठी अंधेरीला उतरावे. ऑक्टोबर २०२४ पासून भुयारी मेट्रो ३ धावू लागल्यामुळे हा प्रश्न बराच सोपा झाला आहे, कारण तिच्यावर टी-१ आणि टी-२ अशी दोन स्वतंत्र स्थानके असून दोघांच्या मध्ये सहार रोड हे एकच स्थानक आहे. घाटकोपर-वर्सोवा मेट्रोने येणाऱ्याने मरोळ नाक्याला गाडी बदलली की पुढचेच स्थानक टी-२ चे लागते. चुकून भलत्या टर्मिनलला पोहोचलेल्या आणि हातात फारसे सामान नसलेल्या माणसाला माझ्या मते टॅक्सीपेक्षा ही मेट्रो अधिक भरवशाची आहे.

आत शिरल्यावर मात्र दोघांत घोटाळा होण्याचे कारण उरत नाही. टी-२ हे मुळातच भव्य दिसावे म्हणून बांधलेले आहे. मोरपिसांची आठवण करून देणारे नक्षीदार छत तीस प्रचंड खांबांवर तोललेले आहे आणि राजीव सेठी यांच्या देखरेखीखाली भिंतींवर मांडलेल्या ‘जय हे’ या संग्रहात देशभरातल्या हजारो कलाकृती आहेत. निघणाऱ्यांची दारे वरच्या मजल्यावर व येणाऱ्यांची खाली आहेत, आणि महामार्गावरून येणारा उन्नत रस्ता गाडीला थेट वरच्या दाराशी नेतो. हे सगळे डोळ्यांना सुखावणारे असले तरी पायांना सुखावणारे नाही. सुरक्षा तपासणी संपल्यावर प्रवाशाला वाटते की आता झाले, आणि त्यानंतर गेटपर्यंतची लांबलचक चाल सुरू होते. देशांतर्गत प्रवासालाही टी-२ वर टी-१ पेक्षा अर्धा तास आधी पोहोचावे असा माझा शिरस्ता आहे, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी व्हीलचेअरची नोंद तिकीट काढतानाच करून ठेवावी, ती दारात येऊन मागू नये.

टी-१ त्या मानाने आटोपशीर आणि साधे आहे. दारापासून गेटपर्यंतचे अंतर कमी, बघण्यासारखे फारसे काही नाही. तिथे वेळ खाणारी गोष्ट वेगळी आहे. पुष्कळ विमानांना तिथून बसने जावे लागते, त्यामुळे गेटपाशी पोहोचलो म्हणजे विमानात बसलो असे होत नाही. सामान देण्याचे काउंटर बहुतेक कंपन्या देशांतर्गत उड्डाणाआधी ६० मिनिटे बंद करतात आणि हा नियम दोन्ही टर्मिनल्सवर सारखाच असतो. चुकीच्या दारात उभ्या असलेल्या माणसाचे विमान हुकते ते बहुधा या ६० मिनिटांमुळे. विमान अजून तासभर जमिनीवर असते, पण बॅग घ्यायला काउंटरवर कोणी नसते.

खरी कसोटी लागते ती मुंबईत विमान बदलणाऱ्याची. दुबईहून नागपूरला किंवा छत्रपती संभाजीनगरला जाणारा प्रवासी टी-२ वर उतरतो. पुढचे विमानही टी-२ वरूनच असेल तर इमिग्रेशन, सामानाचा पट्टा आणि कस्टम्स आटोपून बॅग पुढच्या काउंटरवर द्यायची आणि पुन्हा सुरक्षा तपासणीला उभे राहायचे, एवढ्यावर काम भागते. पुढचे विमान टी-१ वरून असेल तर तोच माणूस सामानासह इमारतीबाहेर पडतो, आंतर-टर्मिनल बस किंवा टॅक्सी शोधतो, टी-१ च्या दारात पुन्हा ओळखपत्र दाखवतो आणि सगळे पहिल्यापासून करतो. दोन विमानांची तिकिटे वेगवेगळी काढलेली असतील तर पहिल्या विमानाला झालेल्या उशिराची जबाबदारी दुसरी कंपनी घेत नाही. चारशे रुपये वाचवण्यासाठी पहाटेच्या अशा जोडणीच्या वाटेला कोणी जाऊ नये. दोन टर्मिनल्समध्ये निदान चार तास हाताशी असावेत.

इथे बॅगेला लावलेल्या पट्टीचा एक बारकावा सांगितला पाहिजे. काउंटरवरचा कर्मचारी बॅगेच्या मुठीला कागदी पट्टी चिकटवतो तेव्हा तिच्यावरची तीन मोठी अक्षरे वाचावीत. नागपूरहून मुंबईमार्गे लंडनला जाताना तिच्यावर लंडनचा एलएचआर हा संकेत असेल तर बॅग मुंबईत उचलायची नसते, बीओएम असेल तर उचलायची असते. उलट दिशेने येताना मात्र हे गणित फसते. परदेशातून आलेल्या सामानाचे कस्टम्स सर्वसाधारणपणे देशातल्या पहिल्या विमानतळावर व्हावे लागते, म्हणून पट्टीवर नागपूरचा एनएजी छापलेला असला तरी बॅग मुंबईच्या पट्ट्यावरून स्वतः उतरवून घ्यावी लागते. ‘पट्टी तर नागपूरची आहे’ असे म्हणत मुंबईत रिकाम्या हाताने पुढे गेलेल्या माणसाची बॅग पट्ट्यावर एकटीच फिरत राहते.

२५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळावरूनही उड्डाणे सुरू झाल्याने या जोडीत तिसरा गडी आला आहे. त्याचा संकेत एनएमआय असा वेगळा आहे, पण तिथल्या इमारतीचे नावही टर्मिनल १ असेच आहे. म्हणून ‘टी-१’ एवढेच सांगून यापुढे भागणार नाही. तिकिटावर आधी बीओएम की एनएमआय ते पाहावे, मग टर्मिनलचा क्रमांक पाहावा, आणि टॅक्सीवाल्याला ‘डोमेस्टिक’ हा शब्द न उच्चारता ‘सहार, टी-टू’ किंवा ‘पार्ले, टी-वन’ असे सांगावे. उलव्याला, म्हणजे नवी मुंबई विमानतळाला, जायचे असेल तर तसे स्पष्ट सांगावे, कारण पार्ल्याच्या टी-१ वर उतरल्यावर उलव्याच्या टी-१ वर वेळेत पोहोचवू शकेल अशी कोणतीही आंतर-टर्मिनल बस नाही.