एसटीएसचा अर्ज: विषय चांगला, तरी बाद का होतो?

आयसीएमआर ही वैद्यकीय संशोधनाची केंद्रीय संस्था. तिची शॉर्ट टर्म स्टुडंटशिप, म्हणजे एसटीएस, १९७९ पासून चालू आहे. एमबीबीएस-बीडीएसच्या विद्यार्थ्यानं शिक्षकाच्या हाताखाली दोन महिने संशोधन करायचं, एवढीच योजना. घरात कुणी डॉक्टर असेल तर ती पहिल्याच वर्षी कानावर पडते. तालुक्याच्या गावातून आलेल्या मुलाला कळते तेव्हा मुदतीचे चार दिवस उरलेले असतात. हे त्याच्यासाठी.

नोंदणी, फॉर्म, प्रस्ताव, सगळं ऑनलाइन. त्यात फारसं कुणी अडत नाही. अडतात ते गाइडपाशी, म्हणजे ज्यांच्या हाताखाली काम करायचं त्या शिक्षकापाशी.

गाइड आपल्याच कॉलेजमधले पूर्णवेळ अध्यापक हवेत. पीजी करणारे दादा-ताई कितीही मदत करोत, त्यांचं नाव गाइड म्हणून चालत नाही. शिवाय एका गाइडला वर्षाला एकच विद्यार्थी. म्हणजे जाहिरात आल्यावर विचारायला गेलात की "अगं, मी कालच एकीला हो म्हटलं" हे ऐकायचं. दोन-तीन महिने आधी जा. काय विचारू, सर रागावतील, या धाकात कितीतरी हुशार मुलांचं वर्ष गेलेलं पाहिलंय. एका पानावर प्रश्न लिहून न्या: कोणते रुग्ण, किती, काय मोजणार. इंग्रजी तोडकंमोडकं असलं तरी चालतं.

मग अटेस्टेशन फॉर्म. तुमची, गाइडची आणि डीनची सही, वर शिक्का. डीन रजेवर, क्लार्क म्हणतो आवक-जावक नंबर आणा, आणि इकडे मुदत संपते. हा कागद सर्वात आधी फिरवा. मुदतीची तारीख आयसीएमआरच्या वेबसाइटवरून घ्या. व्हॉट्सॲपवर फिरते ती बऱ्याचदा गेल्या वर्षीची असते.

प्रस्तावात तुमचं, गाइडचं, कॉलेजचं नाव कुठेही नको. तपासणाऱ्याला ओळख कळता कामा नये. मुलं हौसेनं रुग्णालयाचं नाव शीर्षकातच घालतात आणि अर्ज बाद होतो. 'टर्शिअरी केअर हॉस्पिटल' (विशेष उपचारांचं मोठं रुग्णालय) लिहा, पुरे. फाइलच्या नावातही स्वतःचं नाव ठेवू नका.

संशोधनात रुग्णांचं हित जपलं जातंय ना हे पाहणारी कॉलेजची समिती म्हणजे एथिक्स कमिटी. तिची मंजुरी हातात आल्याशिवाय एकाही रुग्णाची माहिती घ्यायची नाही, नुसती प्रश्नावली असली तरी. बऱ्याच कॉलेजांत कमिटी दोन-तीन महिन्यांतून एकदा बसते. एसटीएसच्या निवडीच्या निकालाची वाट पाहत बसलात तर तुमचे दोन महिने तिच्या बैठकीची वाट बघण्यात जातील. अर्ज केल्या केल्या कमिटीकडेही कागद द्या.

आता पैशांचं. अलीकडे रक्कम ५०,००० रुपये आहे, पण ती आधी मिळत नाही. अहवाल पाठवा, तो मंजूर होऊ द्या, मग खात्यात. किट, झेरॉक्स, गावोगावचं बसभाडं तोवर तुमच्याच खिशातून. ज्याला मेसचं बिल भरताना नाकी नऊ येतात त्यानं महागड्या तपासण्यांचा विषय घेऊ नये. केसपेपर, प्रश्नावली, रक्तदाब, वजन-उंची यावरही उत्तम काम होतं. गाइड मंडळींनीही विषय देताना पोराला एकदा विचारावं, खर्च झेपेल ना.

बँक खातं स्वतःच्या नावाचं आणि चालू हवं. दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, पासबुकात वडिलांचं नाव गायब, असा प्रकार असेल तर आत्ताच दुरुस्त करून घ्या. बँकेचे आठ दिवस म्हणजे पंधरा धरा.