गुरुद्वाऱ्याचा न्यास नोंदवताना: पूजा, लंगर आणि कागदपत्रं

तालुक्याच्या गावी पंधरा-वीस शीख कुटुंबं असतात. भाड्याच्या हॉलमध्ये श्री गुरू ग्रंथ साहिबांचा प्रकाश होतो (ग्रंथ विधीपूर्वक उघडून ठेवतात), रविवारी लंगर लागतो, शेजारच्या वस्तीतली मुलंही पंगतीला बसतात. मग कुणीतरी प्लॉट द्यायला तयार होतं आणि प्रश्न येतो: जागा कुणाच्या नावावर घ्यायची? एखाद्या ज्येष्ठाच्या नावावर घेऊ नका. पुढच्या पिढीत ती वारसाहक्काच्या वादात अडकू शकते. आधी न्यास (ट्रस्ट) नोंदवा, मग जागा घ्या.

नांदेडच्या तख्त सचखंड श्री हजूर साहिबचा कारभार 1956 च्या स्वतंत्र कायद्याने चालतो. पंजाबातल्या ऐतिहासिक गुरुद्वाऱ्यांना 1925 चा शीख गुरुद्वारा कायदा आहे. तुमच्या गावच्या गुरुद्वाऱ्याला मात्र महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950 लागू होतो आणि अर्ज जातो जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयात. धार्मिक, धर्मादाय किंवा दोन्ही हेतूंसाठी स्थापन झालेली संस्था या कायद्यात बसते. त्यामुळे अरदास (प्रार्थना) आणि मोफत दवाखाना एकाच न्यासात ठेवायला या पायरीवर अडचण नाही. अडचण येते ती पुढे, आयकरात.

नोंदणीचे दोन मार्ग आहेत. विश्वस्त नेमून न्यासपत्र करायचं, किंवा किमान 7 जणांनी मिळून 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याखाली संस्था काढायची आणि तिची 1950 च्या कायद्याखालीही नोंद करायची. संगतीतून (गुरुद्वाऱ्यात जमणाऱ्या भाविकांतून) कार्यकारिणी निवडायची पद्धत असेल तर दुसरा मार्ग बरा. पहिल्यात विश्वस्त कसे बदलायचे हे न्यासपत्रात स्पष्ट लिहिलं नाही, तर पुढची भांडणं तिथूनच सुरू होतात.

सगळ्यात जास्त वेळ द्या तो उद्देशांच्या परिच्छेदाला. घाईत माणसं लिहून जातात, ‘शीख समाजातील गरजूंना मदत करणे’. हे वाक्य महागात पडतं. एका विशिष्ट धर्माच्या किंवा जातीच्या लोकांपुरतं काम करणाऱ्या धर्मादाय संस्थेला आयकराची सूट नाकारली जाऊ शकते. शिवाय ते लंगरच्या मुळाशीच विसंगत आहे. पंगतीत कुणी कुणाला जात विचारत नाही, आणि ज्या ग्रंथासमोर आपण माथा टेकतो त्यात आपल्या संत नामदेवांचे 61 शबद (पदं) आहेत. तेव्हा उद्देश असे लिहा: गुरुद्वारा चालवणे व पाठ-कीर्तनाची सोय करणे, जात, धर्म, लिंग न पाहता अन्नदान करणे, आजारपणात, शिक्षणात आणि आपत्तीत गरजूंना साहाय्य करणे. पूजा आणि सेवा ही कलमं वेगळी ठेवा, एका वाक्यात गुंफू नका.

अर्ज 1950 च्या कायद्याच्या अनुसूची 2 च्या नमुन्यात असतो आणि न्यास स्थापन झाल्यापासून 3 महिन्यांत करायचा असतो. त्यात न्यासाचं नाव, विश्वस्तांची नावं-पत्ते, वारसापद्धत (म्हणजे विश्वस्तपद पुढे कसं भरलं जाईल), स्थावर-जंगम मालमत्ता आणि तिची अंदाजे किंमत, वर्षाचं सरासरी उत्पन्न व खर्च हा तपशील द्यावा लागतो. सोबत साधारण हे कागद लागतात:

- न्यासपत्राची किंवा घटना-नियमावलीची प्रत
- विश्वस्तांची संमतीपत्रं, ओळखपत्रं व पत्त्याचे पुरावे
- अर्ज करणाऱ्याला दिलेलं अधिकारपत्र आणि त्याचं प्रतिज्ञापत्र
- कार्यालयाच्या जागेचं वीजबिल किंवा मालमत्ता कराची पावती, आणि जागा दुसऱ्याची असेल तर मालकाचं ना-हरकत पत्र
- सुरुवातीची रक्कम किंवा मालमत्ता असल्याचा पुरावा

निशाणसाहिब (गुरुद्वाऱ्याचा ध्वज), पालखी, लंगरची मोठी पातेली हीसुद्धा न्यासाची जंगम मालमत्ता आहे. यादीत लिहा. अर्जावर सहायक किंवा उप धर्मादाय आयुक्त कलम 19 नुसार चौकशी करतात. सगळं पटलं तर नोंद होते आणि पीटीआर क्रमांक (न्यासाचा नोंदणी क्रमांक) मिळतो. त्यानंतर न्यासाच्या नावाने पॅन आणि बँक खातं.

आता आयकर. 1 एप्रिल 2026 पासून 1961 च्या कायद्याच्या जागी 2025 चा नवा कायदा आला, त्यामुळे कलमांचे व फॉर्मचे क्रमांक बदलले. सनदी लेखापालाकडून ते ताजे करून घ्या. न्यासाच्या उत्पन्नाला सूट मिळवण्याची नोंदणी वेगळी, आणि देणगीदाराला वजावट मिळवून देणारी मान्यता वेगळी. या दुसरीला लोक जुन्या कलमावरून अजूनही ‘80जी’ म्हणतात. वर्षाच्या एकूण उत्पन्नाच्या 5 टक्क्यांहून जास्त रक्कम धार्मिक कामावर खर्च करणाऱ्या संस्थेला ती मिळत नाही. ग्रंथींचं (ग्रंथाचा पाठ करणाऱ्यांचं) मानधन, गुरुपुरबाचा (गुरूंच्या स्मरणाच्या सणाचा) खर्च, दरबार हॉलची दुरुस्ती धरली तर गुरुद्वारा ही मर्यादा सहज ओलांडतो.

म्हणून काही ठिकाणी पूजेचा न्यास एक आणि सेवेचा दुसरा, असं करतात. माझं मत असं की लहान संगतीने सुरुवातीला एकच न्यास ठेवावा. दोन न्यास म्हणजे दोन हिशेब, दोन लेखापरीक्षणं, आणि ते बघायला माणसं तीच. देणगीदार खरोखर वजावट मागू लागले की दुसरा काढा. तेव्हा गोलक (दानपेटी) मात्र पूजेच्या न्यासाकडेच राहू द्या. गोलकातलं दान निनावी असतं, आणि निव्वळ सामाजिक संस्थेला ठरावीक मर्यादेपलीकडे मिळालेल्या निनावी देणगीवर 30 टक्के कर बसतो. दसवंध (उत्पन्नाचा दहावा हिस्सा) देणाऱ्यांना एक सांगून ठेवा: 2,000 रुपयांवरच्या रोख देणगीला वजावट नाही, धनादेश किंवा यूपीआय वापरा.

लंगरच्या स्वयंपाकघराची अन्नसुरक्षा नोंदणी करायची असते, कारण नफा नसला तरी कायद्याच्या नजरेत तो अन्नव्यवसायच आहे. महिन्याला किमान 5,000 जणांना मोफत जेवण देणाऱ्या मोठ्या लंगरसाठी केंद्राची सेवा भोज योजना आहे. तांदूळ, पीठ, डाळ, तेल, तूप, साखर यांवरच्या केंद्रीय जीएसटीचा परतावा त्यातून मिळतो. संस्था किमान 5 वर्षं जुनी हवी आणि स्वयंसेवी संस्थांच्या सरकारी दर्पण पोर्टलवर नोंद हवी. तयारीला लागण्याआधी अर्ज घेणं सुरू आहे का ते सांस्कृतिक मंत्रालयाच्या पोर्टलवर बघा.

परदेशातले नातलग सेवा (देणगी) पाठवतो म्हणतील. प्रेमाने थांबवा. परदेशी स्रोताची देणगी घ्यायला एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) खालची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. नोंदणीसाठी साधारणपणे 3 वर्षांचं काम आणि त्या काळात 15 लाख रुपयांचा खर्च दाखवावा लागतो, आणि पैसा स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यावा लागतो. भारतीय पासपोर्ट असलेल्या नातलगाने स्वतःच्या बचतीतून दिलेली रक्कम मात्र परदेशी देणगी ठरत नाही. पासपोर्टची प्रत ठेवून घ्या.

नोंदणी झाल्यावर सगळ्यात जास्त राहून जाणारं काम म्हणजे बदल अर्ज. विश्वस्त बदलला, पत्ता बदलला, नवी जागा मिळाली, तर 90 दिवसांत अनुसूची 3 मध्ये कळवायचं. दर निवडणुकीनंतर ज्या सभेत सिरोपा (सन्मानाचं वस्त्र) देऊन नव्या समितीचा सत्कार होतो, त्याच सभेत या अर्जावर सह्या घ्या.