पहिला उंबरठा कोण ओलांडतो?

22 जानेवारी 1917. झुरिकमध्ये तरुण कामगारांपुढे बोलताना लेनिन म्हणाला, येणाऱ्या क्रांतीच्या निर्णायक लढाया आम्हा जुन्या पिढीतल्या लोकांना कदाचित पाहायला मिळणार नाहीत. तेव्हा तो 46 वर्षांचा होता. आठ आठवड्यांच्या आत झारनं गादी सोडली.

ज्यानं सारं आयुष्य क्रांतीचाच ध्यास घेतला, त्याला ती दाराशी आलेली कळू नये? मला पटलेलं उत्तर समाजशास्त्रातल्या एका साध्या गणितात आहे. 1978 मध्ये मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञानं ते मांडलं.

समजा, चौकात 100 माणसं आहेत. प्रत्येकाचा एक उंबरठा आहे: आधी किती जण पुढे झाले म्हणजे मी जाईन? एकाचा उंबरठा 0, तो कुणाचीच वाट बघत नाही. दुसऱ्याचा 1, तिसऱ्याचा 2, असं करत शेवटच्याचा 99. पहिला निघाला की दुसरा निघतो, दोघांना पाहून तिसरा, आणि बघता बघता अख्खा चौक पेटून उठतो. आता एवढंच करा, ज्याचा उंबरठा 1 होता त्याचा 2 करा. पहिला निघतो आणि एकटाच पडतो. बाकी 99 जणांच्या मनात तसूभरही फरक पडलेला नाही, तरी उठाव होतच नाही.

हे उंबरठे बाहेरून दिसत नाहीत. अर्थतज्ज्ञ तिमूर कुरान यांनी पुढे दाखवलं की दडपशाहीत माणसं पोटात एक आणि ओठात एक ठेवून जगतात. त्यामुळे राजालाही अंदाज येत नाही आणि क्रांतिकारकांनाही नाही.

8 मार्च 1917 ला, महिला दिनी, रशियाची तेव्हाची राजधानी पेट्रोग्राडमध्ये (आजचं सेंट पीटर्सबर्ग) नेमकं हेच झालं. पावासाठी रांगा लावून बायका थकल्या होत्या. शहराच्या व्हायबोर्ग भागातल्या बोल्शेविक, म्हणजे लेनिनच्याच पक्षाच्या, कार्यकर्त्यांनी संप नको म्हणून बजावलं होतं, तरी कापड गिरण्यांतल्या बायका बाहेर पडल्या. नोबेल कारखान्यासमोर जाऊन त्या हात हलवत ओरडू लागल्या, ‘बाहेर या, काम थांबवा!’ खिडक्यांवर बर्फाचे गोळे येऊन आदळले. आतले कामगार काम टाकून बाहेर आले. चारच दिवसांत, आदल्या दिवशी गर्दीवर गोळ्या झाडणाऱ्या व्होलिन्स्की रेजिमेंटनं बंड केलं, आणि एकेक तुकडी तिच्या मागे गेली. त्या बायकांमागे कुणी मोठा पुढारी नव्हता. इतिहास सांगताना आपण त्यांना दोन ओळींत उरकतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मग नेता हवा कशाला? झार गेल्यावर पुढे काय, हे गर्दी ठरवू शकत नव्हती. त्याच्या जागी आलेल्या हंगामी सरकारनं पहिलं महायुद्ध चालूच ठेवलं, जमिनीचा प्रश्न लांबणीवर टाकला. 16 एप्रिलच्या रात्री लेनिन पेट्रोग्राडच्या फिनलंड स्टेशनवर उतरला. या सरकारला पाठिंबा नको, सत्ता सोव्हिएतांकडे, म्हणजे कामगार-सैनिकांच्या निवडलेल्या परिषदांकडे द्या, ही त्याची भूमिका त्याच्याच पक्षाच्या पेट्रोग्राड समितीनं 13 विरुद्ध 2 मतांनी फेटाळली. तो मात्र हटला नाही. महिनाभरात पक्षाची परिषद मोठ्या प्रमाणात त्याच्या बाजूला वळली. ‘शांतता, जमीन, भाकरी’ या शब्दांत खंदकातल्या सैनिकाला आणि खेड्यातल्या शेतकऱ्याला आपापलं दुखणं सापडलं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, इतरांनाही हेच हवंय हे त्यांना कळलं. असा विचार उंबरठा खाली आणतो.

शिवाय, लाखांच्या शहरापेक्षा शिस्तबद्ध पक्षातल्या मूठभरांना वळवणं एका माणसाच्या आवाक्यातलं असतं. मार्चमधली क्रांती, जुन्या रशियन दिनदर्शिकेप्रमाणे ‘फेब्रुवारी क्रांती’, लेनिनशिवाय झाली. नोव्हेंबरमधली, त्याच दिनदर्शिकेप्रमाणे ‘ऑक्टोबर क्रांती’, मात्र त्याच्याशिवाय झाली असती, असं मला वाटत नाही. 23 ऑक्टोबरच्या रात्री पक्षाच्या केंद्रीय समितीचे 12 सदस्य रात्रभर वाद घालत बसले होते. उठावाचा ठराव 10 विरुद्ध 2 मतांनी मंजूर झाला. विरोधात गेलेले झिनोव्हिएव्ह आणि कामेनेव्ह लेनिनचे वर्षानुवर्षांचे साथी होते. पंधरवड्यानंतर हंगामी सरकार जिथे बसत होतं तो हिवाळी राजवाडा पडला.