परवानामुक्त वॉकीटॉकी की हॅम सेट? अँटेनाचा प्रश्न त्यानंतर

दोन हँडसेट बोनेटवर शेजारी-शेजारी उभे केले तर कोणता कुठला हे पटकन सांगता येत नाही. दोन्ही काळे, दोन्ही मुठीत मावणारे, दोघांच्याही कडेला दाबून बोलायचं बटण, डोक्यावर आवाजाची चकती आणि बोटभर जाडीची अँटेना. एक कुणीही विकत घेऊन वापरू शकतो. दुसरा परवान्याशिवाय वापरणं गुन्हा आहे.

आमच्या ग्रुपच्या गाड्या पावसाळ्यात नाशिककडच्या घोटी, वैतरणा, आंबोली घाट या पट्ट्यात फिरतात. जून उजाडला की नवे मेंबर विचारतात, "दादा, वॉकीटॉकी कुठला घेऊ?" आणि त्याच दमात, "अँटेना कुठली लावू?" मी दोन्ही प्रश्न वेगळे करतो, कारण दुसरा प्रश्न फक्त एकाच सेटला लागू होतो. परवानामुक्त सेटची अँटेना बदलायची नसते. हॅम सेटचं, म्हणजे परवानाधारक हौशी रेडिओवाल्यांच्या सेटचं, मात्र निम्मं बळ अँटेनातच असतं.

आधी परवानामुक्त सेट. भारतात ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ हा पट्टा कमी ताकदीच्या सेटसाठी २०१८ च्या नियमांनुसार परवान्यातून मुक्त आहे. युरोपात हाच पट्टा पीएमआर ४४६ म्हणून चालतो. तिथे मर्यादा अर्ध्या वॅटची आणि अँटेना सेटलाच कायमची जोडलेली. आपल्याकडेही या प्रकारचे सेट साधारण तसेच असतात: ताकद बेताची, चॅनल ठरलेले, अँटेना न निघणारी. मात्र सेटला ईटीए, म्हणजे केंद्र सरकारच्या डब्ल्यूपीसी विंगची मान्यता हवी. परवाना लागत नाही म्हणून मान्यताही लागत नाही, असा बऱ्याच जणांचा समज असतो. तो चुकीचा आहे.

हॅम सेट चालतो हौशी रेडिओ सेवेच्या पट्ट्यांत. आपल्याकडे व्हीएचएफमध्ये १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ आणि यूएचएफमध्ये ४३४ ते ४३८. त्यासाठी परीक्षा देऊन परवाना आणि स्वतःचं कॉल साइन, म्हणजे रेडिओवरचं ओळखनाव, मिळवावं लागतं. वयाची अट १२ वर्षांची. मोर्सची, म्हणजे टिंब-रेघांच्या सांकेतिक लिपीची, भीती वाटत असेल तर परवान्याची रिस्ट्रिक्टेड ग्रेड परीक्षा द्या, त्यात मोर्स नाही. हातात धरायचे हे सेट बहुधा ५ वॅटचे असतात आणि अँटेना फिरवून काढता येते.

आता खरा घोटाळा. बाजारात, विशेषतः ऑनलाइन, हॅमसाठी बनलेला सेट परवानामुक्त म्हणून विकला जातो. मीही फसलो होतो. जाहिरातीत "१० किमी रेंज, लायसन्स लागत नाही" असं ठळक लिहिलेलं होतं. घरी आणून मेनू उघडला तर सेट १३६ ते १७४ आणि ४०० ते ५२० मेगाहर्ट्झमध्ये कुठेही बोलायला तयार! या विस्तारात पोलिसांपासून खासगी सुरक्षा कंपन्यांपर्यंत कितीतरी जणांना नेमून दिलेल्या फ्रिक्वेन्सी आहेत. देवळालीचा लष्करी तळ आणि ओझरचा विमानतळ असलेल्या जिल्ह्यात अशी बेफिकिरी परवडत नाही. मी सेट परत केला. अशा विक्रीला आळा घालायला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२५ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यानुसार ऑनलाइन विक्रेत्याने फ्रिक्वेन्सी, परवान्याची गरज आणि ईटीए स्पष्ट सांगायला हवं. विकत घेताना हे तीन मुद्दे वाचा. अँटेना निघत असेल आणि बटणं दाबून हवी ती फ्रिक्वेन्सी टाकता येत असेल, तर तो परवानामुक्त सेट नाही असंच धरून चाला.

याचीच दुसरी बाजू हॅम मित्रांसाठी. "माझ्याकडे परवाना आहे, मग मी ५ वॅटचा सेट ४४६ वर लावून बाकीच्यांशी बोलतो" असं काही जण सांगतात. तेही चालत नाही. ४४६ हॅमच्या पट्ट्याबाहेर आहे आणि तो सेट परवानामुक्त वापरासाठी मान्य झालेला नाही. एका गाडीत हॅम सेट आणि बाकीच्या चार गाड्यांत परवाना नसलेली माणसं असतील तर त्या ताफ्यात हॅम सेट उपयोगाचा नाही. हॅमवर बोलणाऱ्या प्रत्येकाकडे परवाना लागतो. शिवाय तिथे धंद्याचं बोलणं करता येत नाही. पैसे घेऊन जीप सफारी चालवत असाल तर तो मार्ग बंदच समजा.

रेंजबद्दल खोक्यावर जे छापलेलं असतं, त्याचं गणित सोपं आहे. या फ्रिक्वेन्सी साधारण नजरेच्या रेषेत जातात. जमिनीपासून दीड मीटर उंचीवर धरलेल्या सेटचं रेडिओ-क्षितिज सुमारे ५ किमीवर असतं. समोरचाही तेवढ्याच उंचीवर असेल तर दोघांमध्ये १० किमी. तेही सपाट, मोकळ्या जागेत, मध्ये काहीच नसताना. आजूबाजूपेक्षा १०० मीटर उंच कड्यावर उभं राहिलात तर तुमचं एकट्याचं क्षितिज ४० किमीच्या पुढे जातं. पण आपण असतो कुठे? ओढ्याच्या काठाने, दोन डोंगरसोंडांच्या मधल्या लाल चिखलात. तिथे खोक्यावरचा आकडा विसरायचा. मध्ये सोंड आली की अर्धा वॅट काय आणि ५ वॅट काय, दोन्ही अडतात. फरक इतकाच की लांब तरंगलांबीचा व्हीएचएफ सिग्नल झाडीतून आणि डोंगरधारेच्या कडेवरून थोडा जास्त वाकून येतो. दाट रानात म्हणून हॅमचा १४५ मेगाहर्ट्झ मला जास्त भरवशाचा वाटतो.

वॅटचा आकडा मोठा दिसला की माणसाला वाटतं, काम झालं. पण गाडीत बसून बोलताना काय होतं ते आम्ही वैतरणा धरणाच्या मागच्या बाजूला एका जुलैत पाहिलं. शेवटच्या गाडीतला मित्र हॅम सेटवर ५ वॅटने बोलत होता. पुढच्या वळणावरून, जेमतेम चारशे मीटरवर, आम्हाला फक्त खरखर ऐकू येत होती. काचा बंद, धो धो पाऊस, सेट त्याच्या मांडीवर. त्याने काच खाली करून सेट छपराच्या वर धरला आणि "चाक रुतलंय, दोर आणा" हे शब्द लख्ख आले. वॅट तेवढेच, चॅनल तोच. फक्त अँटेना पत्र्याच्या पेटीतून बाहेर आली.

गाडीचा पत्रा सिग्नल अडवतो. काचांमधून थोडाफार बाहेर पडतो. त्यात १४५ मेगाहर्ट्झवर सेटसोबत येणारी आखूड अँटेना मुळातच कमजोर. या फ्रिक्वेन्सीची तरंगलांबी सुमारे दोन मीटर, म्हणजे पाव तरंगाची अँटेना ४९ सेंटिमीटरच्या आसपास लांब हवी. ती वितीएवढ्या रबरात गुंडाळली की कार्यक्षमता घटते. ४४६ वर पाव तरंग जेमतेम १६-१७ सेंटिमीटर. म्हणून परवानामुक्त सेटची न निघणारी छोटी अँटेना तिच्या पट्ट्यात बऱ्यापैकी काम करते. हा मुद्दा लोकांच्या लक्षात येत नाही आणि उगाच तिला नावं ठेवली जातात. तिच्यासाठी एकच करा: बोलताना सेट उभा धरा, काचेजवळ धरा, जमलं तर बाहेर धरा.

हॅमवाल्याकडे मात्र पर्याय आहेत. पहिला, सेटवरच लावायची लांब, लवचिक व्हिप. पायी उतरून वाट बघायला जाताना ती उत्तम, गाडीत छपराला घासते. दुसरा आणि माझ्या मते सर्वांत मोलाचा, छपरावरची मॅग्नेट अँटेना. तिला खाली लोखंडी पत्रा लागतो, दोन कारणांनी: चुंबक धरायला आणि अँटेनाची दुसरी बाजू म्हणून. पाव तरंगाची सळई एकटी अर्धीच असते, उरलेलं काम खालचा पत्रा करतो. म्हणून ती छपराच्या मधोमध ठेवा, कडेला नाही. थारच्या कापडी छपरावर किंवा फायबरच्या हार्डटॉपवर चुंबक टिकत नाही. तिथे बोनेटच्या कडेला क्लॅम्प मारून, रंग थोडा खरवडून धातूला धातू लावावा लागतो.

दुकानदार पाच-अष्टमांश तरंगाची लांब सळई दाखवतील, जास्त गेनवाली. १४५ वर ती जवळजवळ १.३ मीटर भरते. मोकळ्या हायवेवर ती छान, कारण ती शक्ती क्षितिजाकडे ढकलते. आपल्या वाटांवर क्षितिजाच्या जागी डोंगर असतो आणि वर करवंदीच्या, आंब्याच्या फांद्या. अर्ध्या मीटरची सळई फांदी लागली की वाकते आणि परत उभी राहते. मी तीच वापरतो.

केबल दाराच्या रबरातून आत घ्या, पण दार लावताना ती चेपत नाही ना ते बोटाने चाचपून बघा. चेपलेली केबल बाहेरून धड दिसते आणि आत सिग्नल खाते. केबल गरजेपुरतीच, तीन-चार मीटर, उगाच गुंडाळी नको. जाड केबलचं वजन थेट सेटच्या छोट्या एसएमए कनेक्टरवर लोंबकळू दिलंत तर खड्ड्याखड्ड्यांत तो सैल होतो. मध्ये हातभर बारीक लवचिक जोडकेबल ठेवा. कनेक्टर नर-मादी दोन्ही प्रकारांत येतात आणि सेटनुसार बदलतात, म्हणून विकत घेताना सेट सोबत न्या. अँटेना न लावता बोलायचं बटण कधीही दाबू नका, आतला ट्रान्समिटर जळू शकतो. शक्य असेल तर एखाद्या हॅमकडून एसडब्ल्यूआर, म्हणजे अँटेना सेटशी किती जुळली आहे त्याचं माप, मोजून घ्या. १.५ च्या आत असेल तर निर्धास्त, ३ च्या पुढे गेला तर बोलू नका, आधी जोडण्या तपासा.

एक गैरसमज दोन्ही सेटच्या बाबतीत सारखाच आहे: प्रायव्हसी कोड. तो लावला म्हणून बोलणं खासगी होत नाही. तुमच्या सेटला फक्त दुसऱ्यांचे आवाज ऐकू येत नाहीत, तुमचं मात्र सगळ्यांना ऐकू जातं. आणि ताफ्यात एकाने कोड लावला, दुसऱ्याने नाही, तर अर्ध्या गाड्या मुक्या झाल्यासारख्या वाटतात. निघण्याआधी सगळ्यांचे कोड बंद करून घेतो आम्ही.

तर कुणी काय घ्यावं? वर्षातून दोन-चार वेळा, पाच-सहा गाड्या, एकमेकींच्या नजरेच्या टप्प्यात: परवानामुक्त सेट, मान्यताप्राप्त, प्रत्येक गाडीत एक. तेवढ्यावर भागतं आणि कुणाला परीक्षा द्यावी लागत नाही. दर महिन्याला सुरगाणा-पेठच्या रानात जात असाल, मोबाइलला रेंज नसलेल्या दरीत रात्र काढत असाल, तर किमान पहिल्या आणि शेवटच्या गाडीच्या चालकांनी हॅमचा परवाना काढावा आणि दोन्ही छपरांवर सळया लावाव्यात. बाकीच्यांकडे ४४६ चे सेट असू द्या. पहिल्या आणि शेवटच्या गाडीत मग दोन्ही सेट राहतील: एकावर ताफ्याशी बोलणं, दुसऱ्यावर टोकाच्या दोघांचं आपसात. आम्ही गेले दोन पावसाळे असेच जातो. शेवटची गाडी घोटीला डांबरावर आली की मागून कॉल साइनसह निरोप येतो, मग पुढचे चहाला थांबतात.